कुंडीतला मोगरा फुलत नाही? आधी युरिया थांबवा, मग कात्री घ्या



आजचा सल्ला शेताचा नाही, अंगणातल्या कुंडीचा आहे. गेल्या काही दिवसांत ग्रुपवर मोगऱ्याचे बरेच फोटो आले. झाड हिरवंगार, पानं मोठीमोठी, फांद्या पार खिडकीच्या गजापर्यंत चढलेल्या, पण फूल एकही नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, काय फवारू?"

फवारायचं काहीच नाही. मोगरा आजारी नाही, त्याचे लाड जास्त झालेत. जानेवारी चालू आहे, म्हणजे दुरुस्तीची वेळ हीच आहे. आता केलं तर मार्चपासून कळ्या दिसतील. म्हणून मेसेज थोडा लांब झाला तरी पूर्ण वाचा.

*फूल का येत नाही?*

मोगऱ्याला फूल येतं ते नवीन फुटीच्या शेंड्यावर. जुनी काडी कितीही लांब वाढली तरी तिला नवीन फूट आली नाही तर कळी येत नाही. आणि नवीन फूट आली तरी तिला ऊन कमी आणि नत्र जास्त मिळालं तर ती कळी न धरता नुसती पाल्यावर जाते.

आपल्या घरांत नेमकं हेच होतं. कुंडी पडवीत किंवा निंबाच्या सावलीत असते. रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतं. पोत्यात उरलेला मूठभर युरिया "झाडाला तेवढंच" म्हणून कुंडीत जातो. काही जण ठिबकच्या टाकीत उरलेलं खताचं पाणीही कुंडीतच ओततात. आणि झाड चांगलं वाढलंय म्हणून छाटायला मन होत नाही.

लिंबाच्या बागेत हे तुम्ही पाहिलेलं आहे. पाणी तोडलं नाही, युरिया चालूच ठेवला, तर झाड पाल्यानं भरतं आणि बहार फुटत नाही. कुंडीतही तेच घडतंय.

*आधी माझी चूक सांगते*

मागच्या वर्षी याच ग्रुपवर मी व्हॉईस मेसेज टाकला होता, "लिंबाला देतो तसा मोगऱ्याला ताण द्या. दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवा." माझ्या डोळ्यांसमोर शेतातला मोगरा होता. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मोगरा कुंडीत आहे, हे लक्षातच आलं नाही.

आपल्या एका सभासदांच्या आईनं तो मेसेज शब्दशः पाळला. त्यांचा मोगरा वीस वर्षांचा, माहेरून फांदी आणून लावलेला. कुंडी लहान आणि पत्र्याच्या शेडला लागून. मी बघायला गेले तेव्हा बुंध्याची साल नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं काही उरलं नव्हतं. काकू रागावल्या नाहीत. चहा दिला आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून पाणी घातलं नाही गं." तो चहा मला गेला नाही.

नशीब एवढंच, की त्यांच्या बहिणीकडे त्याच झाडाचं कलम होतं. पावसाळ्यात त्याची दाब कलम करून आणली, ती आता लागली आहे.

शेतातल्या झाडाची मुळं खोल जातात. पाणी तोडलं तरी ते खालची ओल हळूहळू ओढत राहतं. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती असते. खाली ओल नाही आणि चारही बाजूंनी कुंडीची भिंत तापते. त्यामुळे शेतातले ताणाचे दिवस कुंडीला लावायचे नाहीत. *कुंडीचा ताण दिवसांवर नाही, बोटानं आणि पानांवरून ठरवायचा.*

*आता काय करायचं? क्रमानं करा*

*१) आधी वारसा ठेवा.* झाड जुनं किंवा आठवणीतलं असेल तर छाटणीआधी त्याची एक लवचीक फांदी खाली वाकवा. मधल्या भागाची थोडी साल काढून तो भाग शेजारच्या छोट्या कुंडीत मातीखाली दाबा आणि वर दगड ठेवा. ही फांदी छाटू नका. थंडीत मुळं सुटायला वेळ लागतो, घाई करू नका. दाब कलमाला पावसाळा सगळ्यात चांगला.

*२) कुंडी उन्हात आणा.* रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन हवं. पडवीतला नुसता उजेड पुरत नाही. ऊन नसेल तर खालचं बाकी सगळं करूनही फूल येणार नाही.

*३) पाणी कमी करा, बंद नको.* छाटणीआधी ८-१० दिवस रोजचं पाणी थांबवा. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तरच थोडं पाणी द्या. दुपारी पानं मलूल झाली तर चालेल. सकाळीही मलूलच दिसली तर त्याच वेळी पाणी द्या. माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर वरून घातलेलं पाणी फटीतून खाली निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवा.

*४) छाटणी करा.* कात्री धारदार आणि स्वच्छ हवी. वाळलेल्या, बारीक आणि एकमेकांत गुंतलेल्या काड्या मुळापासून काढा. उरलेल्या चांगल्या काड्या साधारण एक फुटावर, डोळ्याच्या थोडं वर कापा. राहिलेली पानं हातानं खुडून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, घाबरू नका. रोप लावून सहा महिनेही झाले नसतील तर एवढं छाटू नका, फक्त शेंडे खुडा.

*५) माती बदला.* कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील तर झाड अलगद काढा, कडेनं गोल फिरलेली मुळं थोडी कापा आणि नवीन माती भरा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून बसते. झाड काढायचं नसेल तर वरची दोन-तीन इंच माती काढून तिथे शेणखत भरा.

*६) खत मोजून द्या.* छाटणीनंतर १२ इंची कुंडीला दोन ओंजळ शेणखत किंवा गांडूळखत आणि एक सपाट छोटा चमचा सुपर फॉस्फेट. युरिया नाही. नवीन फूट तीन-चार बोटं झाली की ०:५२:३४ हे खत १ लिटर पाण्यात २ ग्रॅम, दर १५ दिवसांनी. माती आधी ओली करा, मगच हे पाणी अर्धा ते एक लिटर द्या. कळ्या दिसल्या की थांबवा. शेतातल्या डोसाच्या अंदाजानं मूठ टाकू नका. कुंडीत खताचा क्षार साठतो आणि पानांच्या कडा करपतात.

*७) छाटणीनंतरचं पाणी.* पहिल्यांदा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. नंतर पुन्हा बोटाची परीक्षा. थंडीत दोन-तीन दिवसांआड पुरतं. कळ्या लागल्यावर मात्र ताण नको. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या लहान कुंडीला दिवसातून दोनदाही पाणी लागतं.

*थंडी आहे, धीर धरा*

रात्री गार असेपर्यंत फूट हळू येते. पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून खत वाढवू नका. शंका वाटली तर काडी नखानं जरा खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, थांबा.

पहिला बहर संपला की फुललेला प्रत्येक शेंडा दोन-तीन पानांच्या जोड्या सोडून खाली कापा. तिथून नवीन फूट येईल आणि तिच्यावर पुन्हा कळ्या. फुलं नुसती तोडत राहिलो आणि शेंडे कापलेच नाहीत, तर पुढचा बहर विरळ येतो.

*कळ्या येतात, पण खराब होतात?*

• कळी जांभळट पडते, तिला बारीक भोक दिसतं: आत कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या रोज तोडून नष्ट करा. संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

• पानं धुळकट, मागच्या बाजूला बारीक जाळी: लाल कोळी आहे. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसांआड.

• नवीन पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यानं हे जास्त होतं. हिराकस १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा.

शेतातली कीटकनाशकं कुंडीवर मारू नका. हीच फुलं केसात माळली जातात, देवाला वाहिली जातात, लहान मुलं हातात घेतात. तसंच डाळिंबाच्या पानगळीचं इथ्रेल किंवा आंब्याचं कल्टार "थोडंसं टाकून बघू" म्हणून कुंडीत टाकू नका.

*आणि हे शेतालाही लागू आहे*

मागच्या वर्षीच्या चुकीतून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. मेसेजमध्ये लिहिलेले ताणाचे दिवस हा अंदाज असतो. मुरमाड, हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात उशिरा. म्हणून लिंबू असो वा डाळिंब, बहार धरताना माझ्या मेसेजमधले दिवस मोजत बसू नका. कुदळीनं खणून मुळांजवळची ओल बघा, झाडाची पानं बघा आणि मग पाणी सोडायचं की नाही ते ठरवा. कळत नसेल तर त्या मातीचा आणि झाडाचा फोटो पाठवा.

मोगऱ्याची छाटणी करण्याआधी ग्रुपवर तीन गोष्टी टाका: झाडाचा फोटो, कुंडी किती इंची आहे, आणि ऊन किती तास येतं. झाड जुनं असेल तर तेही सांगा. प्रत्येकाला वेगळं उत्तर देईन.

लिहायला जमत नसेल तर व्हॉईस मेसेज चालेल. घरात कुंडीला पाणी जो घालतो, त्याला हा मेसेज नक्की वाचून दाखवा.

आपली,
कृषी सल्लागार ताई