'सिस्टीम चालत नाहीये' म्हणजे नेमकं काय?

कर्जाचा अर्ज घेऊन आपण काउंटरपाशी उभ्या राहतो आणि पलीकडून उत्तर येतं, 'सिस्टीम चालत नाहीये, उद्या या.' दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचं भाडं वाया जातं. ही सिस्टीम अडते कुठे आणि सोडवतात कशी, ते आज पाहू या. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना पुण्यात हिंजवडीला याच कामाला जातात. घरात मात्र 'कॉम्प्युटरवर काहीतरी करते' एवढंच ठाऊक असतं.

मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स ३६५ हे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार मिळतं. पण प्रत्येक संस्थेचे नियम निराळे. 'एकाच मोबाइल नंबरावर दुसरा अर्ज आला तर थांबव' असा नियम हवा असेल, तर सी शार्प भाषेत छोटा प्रोग्राम लिहून तो मूळ सॉफ्टवेअरला जोडतात. तोच प्लगइन. तयार ब्लाउज आणून आपल्या मापाला दोन टिपा माराव्यात, तसं.

तो बसवण्यासाठी प्लगइन रजिस्ट्रेशन टूल असतं. कोणत्या नोंदीवर, कोणत्या क्षणी प्लगइन चालायचा, ते तिथे सांगावं लागतं. नोंद जतन होण्याआधी की नंतर? माणसाला थांबवून की मागाहून? थांबवून चालणाऱ्या प्लगइनमध्ये चूक निघाली, तर अर्ज जतनच होत नाही. काउंटरवरची मुलगी हताश होते ती इथेच. म्हणून आमचं मत असं, की अर्ज अडवण्याची खरी गरज नसेल, नुसता एसएमएस पाठवायचा असेल, तर ते काम मागाहूनच करावं. प्लगइनला वेळही मोजकाच, जास्तीत जास्त २ मिनिटं.

आणखी एक खोच. नोंद बदलली की चालणाऱ्या प्लगइनला कोणत्या रकान्यांकडे लक्ष ठेवायचं, ते नेमून द्यावं. नाहीतर पत्त्यातला पिनकोड बदलला तरी तो उठून बसतो. त्यात त्याने स्वतःच तीच नोंद बदलली, तर पुन्हा स्वतःलाच हाक मारतो. असं चक्र आठच्या पुढे गेलं, की सॉफ्टवेअरच त्याला तोडतं.

आता चूक शोधणं. प्रोग्राम चालतो दूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर. आपल्या टेबलावरून त्याला मध्येच थांबवून आत डोकावता येत नाही. म्हणून दोन वाटा. पहिली, लिहितानाच जागोजागी 'इथवर आलो, नंबर मिळाला' अशा खुणा ठेवायच्या. त्या प्लगइन ट्रेस लॉगमध्ये उमटतात, मात्र ते सेटिंग चालू हवं. दुसरी वाट प्रोफायलरची. तो बसवून तोच अर्ज पुन्हा भरायचा. त्या क्षणाची सगळी माहिती टिपून ठेवली जाते. मग ती आपल्या संगणकावर आणून व्हिज्युअल स्टुडिओमध्ये तोच प्रसंग ओळीओळीने पुन्हा चालवायचा. अंदाजाने बदल करून दहा वेळा बसवून पाहण्यापेक्षा हे केव्हाही बरं. जी मुलगी हे शिकते, ती वेळेवर घरी पोचण्याची शक्यता वाढते. आणि ही गोष्ट लहान नाही, हे तुम्ही जाणताच.

बसवण्याचंही तेच. चाचणीच्या जागी जे तपासलं, तेच सोल्युशन नावाच्या गाठोड्यात बांधून चालू सिस्टीमवर न्यावं. हाताने एकेक पायरी पुन्हा नोंदवायला गेलं, की एखादी राहतेच. शुक्रवारी संध्याकाळी तर नेऊच नये. शनिवार-रविवार फोन कोणाला येणार, ते ठरलेलंच.

काउंटरवर काम करणाऱ्या मैत्रिणींना एक सांगणं. 'चालत नाहीये' एवढंच कळवू नका. पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, घड्याळातली वेळ आणि कोणता अर्ज होता, हे लिहून त्याच दिवशी पाठवा. ट्रेस लॉगमधल्या २४ तासांपेक्षा जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात.