बायाकोर : प्रथिनांच्या जुळण्या-सुटण्याचा वेग मोजणारे यंत्र

दोन प्रथिने एकमेकांना किती घट्ट धरतात हे वियोजन स्थिरांक या एका आकड्यात सांगता येते, पण त्यातून वेग कळत नाही. स्थिरांक १ नॅनोमोलर असलेली एखादी जोडी झटपट जुळते आणि साडेअकरा मिनिटांत निम्मी सुटते. तोच स्थिरांक असलेली दुसरी जोडी शंभरपट सावकाश जुळते आणि निम्मी सुटायला तिला १९ तास लागतात. औषध म्हणून प्रतिपिंड निवडताना हा फरक डोळ्याआड करून चालत नाही. तो मोजणारे बायाकोर हे यंत्र स्वीडनमधील उप्साला येथील फार्मासिया बायोसेन्सर कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले.

यंत्राचा गाभा म्हणजे सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर दिलेली काच. सोन्यावरच्या डेक्स्ट्रानच्या अस्तरात एक प्रथिन पक्के बसवतात आणि दुसरे द्रावणातून त्यावरून वाहू देतात. काचेच्या बाजूने टाकलेला प्रकाश एका ठरावीक कोनात सोन्यातील इलेक्ट्रॉन शोषून घेतात, त्यामुळे तिथे परावर्तन मंदावते. पृष्ठभागावर वस्तुमान साचले की हा कोन सरकतो. प्रथिनाला रंगाची वा किरणोत्साराची खूण लावावी लागत नाही, ही मोठीच सोय.

कोन वेळेनुसार किती सरकला याचा आलेख, दुसरे प्रथिन वाहत असताना, आधी चढतो. नुसते बफर सोडले की उतरतो. उतार फक्त सुटण्याच्या वेगावर ठरतो. चढात मात्र दोन्ही वेग आणि द्रावणाची संहती मिसळलेली असते. म्हणून अनेक संहतींचे आलेख घेऊन सर्वांना मिळून एकच गणिती प्रारूप बसवतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये पृष्ठभाग बहुधा आम्लधर्मी ग्लायसीनने धुतात.

आलेख सुबक आला म्हणजे आकडा खरा, असे नाही. बसवलेले प्रथिन दाट असेल तर सुटलेला रेणू वाहून जाण्याआधीच शेजारी पुन्हा चिकटतो आणि जोडी आहे त्याहून टिकाऊ भासते. चढावरही परिणाम होतो : द्रावणातून रेणू पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचाच वेग मोजला जातो. प्रवाह वाढवल्यावर चढ बदलला, तर घोटाळा तिथेच आहे.

अतिमंद सुटणाऱ्या जोड्यांपुढे यंत्राची खरी कसोटी लागते. बार्नेझ हे विकर आणि त्याला रोखणारे बारस्टार यांची जोडी निम्मी सुटायला सुमारे एक दिवस जातो; दहा मिनिटांत एक टक्काही उतार दिसत नाही. किमान पाच टक्के उतार दिसेपर्यंत आलेख घ्यावा, असा संकेत आहे. सेकंदाला लाखात एक जोडी सुटत असेल, तर त्यासाठी जवळपास दीड तास बफर सोडत राहावे लागते.