बिरसी महाराष्ट्रात आलं कसं?

गोंदियाजवळचं बिरसी आज विमानतळामुळे ओळखलं जातं. 1956 पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. मराठी मुलूख तीन राज्यांत विभागलेला होता. तो एकत्र आणायचा तर आधी अटी ठरवायला हव्या होत्या.

28 सप्टेंबर 1953 रोजी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील आदी नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि वर्षातून किमान एक अधिवेशन, ही त्यातली मुख्य आश्वासनं. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तरी विदर्भ आणि त्यातलं बिरसी 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं; त्याच राज्यातून पुढे महाराष्ट्र राज्य झालं.

कॅनडातल्या वसाहती 1867 मध्ये एक झाल्या, तेव्हा किनाऱ्याकडच्या प्रांतांनी रेल्वेचं वचन थेट घटनेत लिहून घेतलं होतं. नागपूर करार मात्र नेत्यांमधलाच राहिला. संविधानाच्या कलम 371(2) मध्ये विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली, पण मंडळं स्थापन व्हायला 1994 उजाडलं. विदर्भाची नाराजी मला रास्त वाटते ती या विलंबामुळे.