वर चढणारे नेट आणि महिन्याचे बिल

घरचा कर्ता आखातात आणि अम्मी, मुले गावी, अशी घरे रत्नागिरी-रायगडात आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मगरिबनंतर व्हिडिओ कॉल लागतो. आपल्याला अब्बा स्वच्छ दिसतात, त्यांना मात्र मुलांचे चेहरे गोठलेले दिसतात. घरून ऑनलाइन नाजरा शिकवणाऱ्या आपाचेही तेच. तिला मुले नीट ऐकू येतात, पण तिचा आवाज तिकडे तुटत पोचतो. मग क़ाफ कुठला आणि काफ कुठला, हे मुलांना कळणार कसे?

दुखणे एकच. नेट खाली उतरते भराभर, वर चढते हळू. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा उतरण्याचा, म्हणजे डाउनलोडचा असतो. आपल्याला हवा असतो अपलोड.

आणि तो फार लागतही नाही. झूमवर दोघांच्या एचडी कॉलला सुमारे १.२ एमबीपीएस पुरतो. जड काम असते ते फायली पाठवण्याचे. १ जीबीचा व्हिडिओ ५ एमबीपीएसने चढायला २७ मिनिटे लागतात, ३० ने साडेचार.

म्हणून प्लॅन वाढवण्याआधी लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करावी. तिथे अपलोड चांगला आला, तर दोष कंपनीचा नाही, मधल्या भिंतींचा आहे. आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढली की काम होते. खर्च एकदाच, तोही काही शे रुपयांचा.

तिथेही आकडा कमी आला, तर मात्र कनेक्शन बदलण्याचा विचार करावा. मोबाइलच्या किंवा हवेतून येणाऱ्या नेटमध्ये अपलोडचा वाटा मुळातच लहान ठेवलेला असतो. फायबर गल्लीत आली असेल तर तीच घ्यावी. जिओफायबरने २०२० साली जाहीर केलेल्या प्लॅनांत डाउनलोड आणि अपलोड सारखेच होते: ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस, ६९९ रुपयांत १००. वर १८ टक्के जीएसटी धरला की ४७१ आणि ८२५ रुपये. फरक महिन्याला ३५४, वर्षाला ४२४८ रुपये! अब्बांच्या कॉलसाठी आणि आपाच्या वर्गासाठी ३० पुरेसे आहे. रोज व्हिडिओ पाठवून कमावणारे कोणी घरात असेल, तरच १०० चा खर्च वसूल होतो. नाहीतर तो इसराफच, असे आम्हा शिक्षकांना तरी वाटते. तेवढ्या पैशांत एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचे भागते.

गल्लीतला केबलवाला स्वस्त देतो, जरूर घ्यावे. पण "अपलोड किती?" हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. जोडणीचे पैसे आणि राउटरचे डिपॉझिट वेगळे आहे का, तेही तेव्हाच विचारावे. वर्षाचे पैसे आगाऊ भरले की सूट मिळते, तरी पहिला महिना सुटाच घ्यावा. त्या महिन्यात रात्री नऊ ते अकरा, सगळा मोहल्ला नेटवर असताना, चार-पाचदा अपलोड तपासावा. दुपारचा आकडा कामाचा नाही.