ड्रोनचा धंदा : आधी नकाशा, मग बयाणा

नागपुरात लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन उडवणारे अनेक आहेत. काही तरुण तर ड्रोन बनवण्याचा कारखाना काढू पाहतात. धंद्याला मागणी आहे. मात्र मोकळे दिसणारे आकाश मोकळे असेलच असे नाही.

ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे तीन पट्टे पाडले. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची, लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी हवी. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये मोकळीक 200 फुटांपर्यंतच. त्याहून जवळ परवानगीशिवाय उड्डाण नाही. आपले सोनेगाव विमानतळ शहराला लागूनच असल्याने ही अट आपल्याला फार जाचते.

नव्या ड्रोनच्या चाचणीला सवलत आहे. जीएसटी क्रमांक असलेला उत्पादक किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअप नोंदणी व पायलट परवान्याविना चाचणी घेऊ शकतो. पण जागा हिरव्या पट्ट्यात आणि स्वतःच्या आवारात किंवा ताब्यात हवी. स्वस्त भाड्याची शेड पिवळ्या पट्ट्यात निघाली, तर ही सवलत गेली.

दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवणाऱ्याला परवाना लागत नाही. मोबदला घेणार असाल, तर 250 ग्रॅमवरील ड्रोनला तो लागतो. त्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण आवश्यक आहे.

तेव्हा बंधूंनो, ऑर्डर असो वा जागा, बयाणा देण्याघेण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा सरकारी नकाशा पाहा.