दुव्यांची देवघेव

लग्नमुंजींतील आहेराची वही ज्यांच्या घरीं आजहि जपून ठेवलेली आहे, त्यांस देवघेवीचा हिशेब शिकवावयास नको. अमक्यांकडून काय आलें तें पाहूनच त्यांच्याकडे काय पाठवावयाचें हें ठरतें, व त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. परंतु तीच वही उघडून कोणी आपल्या मुलीसाठीं स्थळ पाहूं लागला, आणि ज्यानें भारी आहेर केला त्याचाच मुलगा गुणी असें ठरवूं लागला, तर त्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. आहेर निराळा आणि शिफारस निराळी. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होतें, याचें एक बोधप्रद उदाहरण महाजालाच्या व्यवहारांत गेल्या पंचवीस वर्षांत घडलें आहे. तें आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय घरापासून दूरचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आज कित्येक कुटुंबांत एखादी सून फराळाचे जिन्नस करून विकते, एखादे निवृत्त काका संस्कृताचे वर्ग चालवितात, आणि घरांतील मुलें त्यांस लहानसें संकेतस्थळ उभारून देतात. तें सुरू होऊन महिना लोटतो न लोटतो तोंच अपरिचितांचीं पत्रें येऊं लागतात: "तुम्ही आमचा दुवा आपल्या पानावर द्या, आम्ही तुमचा आमच्या पानावर देतों, गूगलमध्यें दोघेहि वर येऊं." आमच्या आप्तांपैकीं फराळाचा उद्योग करणाऱ्या एका भगिनींस असेंच पत्र आलें. लिहिणाराचें स्थळ मोटारींच्या टायरांचें होतें! चकली आणि टायर यांचा संबंध वाटोळेपणापलीकडे कांहीं असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि त्यांनीं आम्हांस विचारलेला प्रश्न रास्त होता: "फुकटच आहे, तर द्यावयास काय हरकत?"

याचें उत्तर देण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९९८ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं शोधयंत्राची एक नवी रीत मांडली. विद्वानांच्या निबंधांत पूर्वीच्या ग्रंथांचे हवाले असतात, व ज्या ग्रंथाचा हवाला पुष्कळांनीं दिला तो महत्त्वाचा असें आपण समजतों. तोच न्याय त्यांनीं महाजालास लाविला. एका पानानें दुसऱ्याचा दुवा दिला म्हणजे तें त्याच्या बाजूचें एक मत. मात्र सर्व मतें सारख्या वजनाचीं नव्हेत. ज्या पानास स्वतःला मान आहे त्याच्या मतास अधिक वजन. आणि ज्यानें शंभर ठिकाणीं दुवे वाटले त्याचें वजन त्या शंभरांत विभागलें जावयाचें. या मापास 'पेजरँक' असें नांव पडलें.

विशेष हें कीं, यांतील एक धोका या संशोधकांनीं आरंभींच ओळखला होता. दोन पानें एकमेकांकडेच बोट दाखवूं लागलीं व इतर कोणाकडे पाहीनातशीं झालीं, तर बाहेरून आलेलें वजन त्या दोघांतच फिरून फुगत जाणार. यावर त्यांनीं असा तोडगा काढिला: वाचक दुव्यामागून दुवा धरून हिंडतो खरा, पण मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो, असें धरून चालावयाचें. शंभरांत सुमारें ८५ वेळां दुव्यानें पुढें, १५ वेळां उडी, असें हें प्रमाण होतें. गणितांतील पळवाट याप्रमाणें बुजली, मनुष्यस्वभावांतील राहिली.

डिसेंबर २००० मध्यें गूगलनें एक साधन प्रसृत केलें, त्यांत प्रत्येक पानाचें हें माप शून्यापासून दहापर्यंतच्या अंकांत कोणासहि दिसूं लागलें. अंक दिसतांच त्याचा भाव ठरला. "माझा पांचाचा, तुझा चाराचा, मग बरोबरी कशी?" अशी घासाघीस सुरू झाली. केवळ दुव्यांनीं भरलेलीं पानें निघालीं, दलाल निघाले. अदलाबदल उघडकीस येऊं नये म्हणून पहिल्यानें दुसऱ्याचा, दुसऱ्यानें तिसऱ्याचा व तिसऱ्यानें पहिल्याचा दुवा द्यावा अशा तिकाटण्याहि झाल्या. उंटाच्या लग्नांत गाढवांनीं गावें व दोघांनीं परस्परांच्या रूपाची आणि गळ्याची वाखाणणी करावी, हें आपल्याकडील जुनें सुभाषित महाजालावर असें अक्षरशः उतरलें.

गूगलनें आपल्या नियमांत अशा बेसुमार अदलाबदलीस दुव्यांचा गैरवापर म्हटलें आहे. २४ एप्रिल २०१२ रोजीं 'पेंग्विन' नांवाची सुधारणा लागू झाली व कृत्रिम दुव्यांवर उभीं राहिलेलीं अनेक स्थळें शोधांत खालीं घसरलीं. पुढील वर्षीं तर एका नामांकित स्थळावरच प्रसंग आला. गीतांचे शब्द व त्यांवरील टिपणें देणारें 'रॅप जीनियस' हें अमेरिकन स्थळ. त्याच्या चालकांनीं ब्लॉगलेखकांस सुचविलें कीं, आमच्या गीतांचे दुवे तुमच्या लेखाखालीं द्या, आम्ही तुमच्या लेखाचा ट्विटरवर बोलबाला करूं. ही गोष्ट बाहेर फुटली आणि २०१३ च्या नाताळच्या दिवशीं गूगलनें त्यास असें खालीं ढकललें कीं, त्याचें स्वतःचें नांव शोधलें तरी तें वर सांपडेना. चालकांनीं जाहीर क्षमा मागितली, ते दुवे हुडकून काढून टाकविले, तेव्हां ४ जानेवारी २०१४ रोजीं तें परत आलें. त्यांच्याजवळ हाताशीं माणसें होतीं, म्हणून दहा दिवसांत निभावलें. घरगुती उद्योगाची दिवाळी अशा दहा दिवसांतच येते आणि जाते.

सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विनची रीत बदलली. बहुधा स्थळास शिक्षा न करितां तसले दुवे हिशेबांतच धरीत नाहींत. २०१६ सालींच तो अंक दाखविणेंहि बंद झालें. म्हणजे ज्याच्यासाठीं हा सारा बाजार भरला तें नाणेंच चालेनासें झालें. दलाल मात्र अद्याप पत्रें लिहितच आहेत.

मग कोणाचा दुवा देऊंच नये काय? तसें मुळींच नाहीं. फराळवालीनें जिच्याकडून भाजणी दळून घेतली तिचा दुवा द्यावा, व तिनें आनंदानें हिचा द्यावा; यांत दोष नाहीं, कारण तो वाचकाच्या उपयोगाचा आहे. पैसे घेऊन दुवा दिला असेल तर तसें दर्शविणारी खूण लावण्याची सोय आहे, ती लावावी. कसोटी एकच: शोधयंत्र अस्तित्वांतच नसतें, तरी हा दुवा आपण दिला असता काय? उत्तर 'होय' असेल तर खुशाल द्यावा.

आमच्या भगिनींनीं टायरवाल्यास नम्रपणें नकार कळविला. त्याऐवजीं अनारशांचें पीठ कां बिघडतें व तें कसें सुधारावें, हें त्यांनीं आपल्या पानावर सविस्तर लिहिलें. पुढें परदेशीं राहणाऱ्या एका मुलीनें, अनारसे तुपांत विरघळले नाहींत या आनंदांत, आपण होऊन त्या पानाचा दुवा आपल्या लेखांत दिला. तिला मोबदला कोणीं देऊं केला नव्हता.

मराठींत 'दुवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक सांधणारी कडी व दुसरा आशीर्वाद. आशीर्वाद मागून, मोजून व परतफेडीच्या बोलीवर घेतला तर त्याचा आशीर्वादपणाच जातो. पहिल्या अर्थाच्या दुव्याचेंहि तसेंच आहे.