मैत्रिणींचे केळवण

विवाह ठरल्यानंतर आप्तेष्टांनी वधूला किंवा वराला घरी बोलावून गोडाधोडाचे जेवण घालावे, औक्षण करावे आणि आहेर द्यावा, या महाराष्ट्रातील प्रथेस केळवण म्हणतात. काही भागांत त्यालाच गडगनेर असेही नाव आहे. गेल्या काही दशकांत, विशेषतः शहरांमध्ये, या जेवणाचे यजमानपद आत्या, मामी, मावशी यांच्याबरोबर वधूच्या मैत्रिणींकडेही आले असून, हा बदल वरवर हौसेचा वाटला तरी त्याचे मूळ विवाहाच्या वयात शोधावे लागते.

ज्या काळी मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकले जाई, त्या काळी तिच्या मैत्रिणी भातुकलीतल्याच असत आणि त्यांच्या हाती ना स्वयंपाकघर असे, ना पैसा. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 वर्षे ठरवले आणि 1978 च्या दुरुस्तीने ते 18 वर आणले. तथापि कायद्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम शिक्षणाचा आणि नोकरीचा झाला. महाविद्यालय, वसतिगृह, कचेरी यांतून जुळलेली आणि स्वतःच्या कमाईवर उभी असलेली मैत्रिणींची मंडळी लग्नाच्या वेळी मुलीभोवती असणे, ही त्यामुळे तुलनेने अलीकडची गोष्ट ठरते.

जुन्या विवाहविधींत बायकांचा सहभाग मोठा होता, पण तो नात्याने आणि सौभाग्याने ठरलेला होता. घाणा भरणे, म्हणजे उखळ, मुसळ आणि जाते पूजून हळद व धान्य यांचे प्रतीकात्मक कांडण-दळण करणे, हा मान सुवासिनींचा. वधूची पाठराखण करणारी करवली सहसा तिची बहीण. आणि विधवा स्त्री, मग ती वधूची सख्खी आत्या का असेना, या साऱ्यापासून दूर ठेवलेली. मैत्रिणीसाठी मानाची निराळी जागा या व्यवस्थेत नव्हती.

ती थोडीफार सापडते चुडा भरण्याच्या प्रसंगी. कासार, म्हणजे बांगड्या विकणारा आणि भरणारा कारागीर, घरी येऊन बसला की हिरवा चुडा वधूचा असला तरी जमलेल्या शेजारणी-मैत्रिणीही हात पुढे करतात. तो अंगठ्याच्या बुडाचे हाड दाबून तळहात अरुंद करतो आणि हात सैल सोडायला सांगत काचेची बांगडी एका लयीत मनगटावर सरकवतो. हात ताठ धरला की बांगडी तडकते. गोव्यातील ख्रिस्ती समाजातही ‘चुडो’ भरण्याची रीत टिकून आहे आणि तो समारंभ बहुधा वधूच्या आजोळी, मामाच्या घरी होतो.

मैत्रिणींच्या केळवणात यजमानपदाला सौभाग्याची अट उरत नाही: अविवाहित, घटस्फोटित, विधवा अशी कोणीही वधूला ओवाळते, आणि या प्रथेचे खरे नवेपण बहुधा येथेच आहे. भाड्याच्या सदनिकेत चौरंग मिळाला नाही तर फरशीवरच रांगोळी घातली जाते, केळीचे पान फक्त नवरीपुढे येते, बाकीच्या हाताला लागेल त्या ताटलीत जेवतात. श्रीखंड दुकानातले, पुऱ्या पोळीभाजी केंद्रातल्या, आणि मसालेभात मात्र कोणीतरी हट्टाने घरी केलेला. लग्नाआधीच उखाण्यात नाव घेण्याचा आग्रह होतो. ‘ब्राइड टू बी’ लिहिलेला पट्टा, फुगे आणि रील हा भाग पाश्चात्त्य बॅचलरेट पार्टीकडून आलेला आहे. त्याबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही, मात्र उपाहारगृहातील वर्गणीचा आकडा बेतशीर कमाई असलेल्या मैत्रिणीस अवघड होतो, ही तक्रार रास्त आहे.

घरच्यांचा विरोध असलेल्या आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाहांत या केळवणाचे मोल वेगळेच असते. विशेष विवाह कायदा, 1954 अन्वये विवाहाची नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावे लागते, आणि त्या महिन्यात मुलीला मामीचे किंवा आत्याचे बोलावणे येत नाही. अशा वेळी मैत्रिणींनी घातलेले जेवण हेच तिचे एकमेव केळवण ठरते. पुढे नोंदणी कार्यालयात ज्या तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यांतही पुष्कळदा त्याच पंगतीतल्या एक-दोघी असतात.